शेवटून पहिला आमचा संघ

सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला खाली उतरलो की सावेडीतल्या आमच्या सोसायटीच्या गेटवर शेजारचे निवृत्त मास्तर भेटतात आणि विचारतात, "काय, काल कितीने?" जिंकलो का, असं ते कधीच विचारत नाहीत. मीही सरळ सांगतो, "अकराने." ते मान हलवतात, मी दूध घेऊन वर येतो.

नगरचा कबड्डी संघ राज्याच्या व्यावसायिक लीगमध्ये उतरला, तेव्हापासून मी त्याच्या मागे आहे आणि तेव्हापासून तो तक्त्याच्या तळाशी आहे. एकदा आम्ही शेवटून दुसरे आलो होतो, पण त्या वर्षी एका संघाने मध्येच माघार घेतली होती. एखादा पोरगा चांगला तयार झाला की मोठ्या शहराचा संघ त्याला घेऊन जातो आणि पुढच्या मोसमात तो आमच्याच अंगणात चढाईला येतो. शहराचं नाव बदललं तेव्हा जर्सीही नवी आली. निकाल जुनेच राहिले.

हा नाद मला बायकोने लावला. ती नेवासा तालुक्यातल्या एका खेड्यातली. शाळेत कबड्डी खेळायची, तालुक्याच्या संघात होती. दहावी झाल्यावर घरच्यांनी स्थळं बघायला सुरुवात केली आणि खेळ सुटला. लग्नानंतर इतकी वर्षं ती याविषयी काही बोलली नव्हती. पेपरात नगरच्या संघाची बातमी आली त्या दिवशी भिंगारच्या माझ्या दुकानात तिचा फोन आला. मी मोटार रिवाइंडिंगचं काम करतो, हात वॉर्निशने भरलेले होते. म्हणाली, "शनिवारी दुकान लवकर बंद करा. आपल्याला मॅचला जायचंय."

तो सामना आम्ही दणकून हरलो. मला नियमही धड कळत नव्हते, तरी राग आला. स्कूटरवर मागे बसून ती म्हणाली, "पकड चांगलीय पोरांची. दम कमी पडतोय." आणि थोड्या वेळाने, "पुढच्या शनिवारी हाय ना मोकळे तुम्ही?" एरवी ती शहरातलं बोलते. 'हाय' तोंडात आलं की समजायचं, मनापासून विचारतेय.

आमच्या संघाचा कर्णधार पाथर्डीकडचा. आई-बाप दर हंगामात ऊसतोडीला जायचे आणि हा कारखान्याच्या तळावर पोरांबरोबर खेळत मोठा झाला. डाव्या कोपऱ्यात उभा राहायचा. चढाई करणाऱ्याचा घोटा एकदा त्याच्या हातात सापडला की सुटायचा नाही. त्यालाही मोठ्या संघाकडून बोलावणं आलं होतं म्हणे, तो गेला नाही. का गेला नाही, हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

गेल्या मोसमातला शेवटचा सामना पुण्यात होता, दुपारचा. त्या मोसमात आम्ही एकही सामना जिंकलो नव्हतो आणि गुडघ्याच्या दुखण्यामुळे कर्णधाराने हा आपला शेवटचा सामना असल्याचं जाहीर केलं होतं. मी, बायको आणि माझ्या दुकानाशेजारी गाड्यांची सीट कव्हरं शिवणारे भाई असे तिघं भाईंच्या गाडीने गेलो. भाईंना कबड्डीपेक्षा आमची सोबत जास्त आवडते, असं ते म्हणतात. पण हरल्यावर दोन दिवस त्यांची मशीन नीट चालत नाही, हे मी बघितलेलं आहे.

सभागृहात सगळे पुण्याचे. आमच्या मागे बसलेला एक तरुण हसत म्हणाला, "काका, एवढ्या लांबून हरायला आलात?"

"हो," बायकोनेच उत्तर दिलं. "घरी बसून हरायला मजा येत नाही."

त्या दिवशी पोरं वेगळीच खेळली. मध्यंतराला बरोबरी होती. नंतर आम्ही पुढे गेलो. भाईंनी माझा दंड असा धरून ठेवला की वळ उठले. शेवटच्या चढाईला आम्ही दोन गुणांनी पुढे होतो, मात्र आमचे बाकीचे सगळे बाद झाले होते आणि मैदानात कर्णधार एकटाच उरला होता. तो बाद झाला तर लोण चढणार होता. म्हणजे त्यांना एकदम तीन गुण, आणि सामना गेला. तो वाचला तर मोसमातला पहिला विजय आमचा.

त्यांचा चढाईपटू आला, डावीकडे झुकला, हात टाकला. कर्णधार मागे सरकला. चढाईपटू मध्यरेषेवर परतला आणि वेळ संपली. हात लागला म्हणून तो पंचांना बोट दाखवत राहिला. पंचांनी नकारार्थी मान हलवली, हात लागलेला त्यांना दिसला नव्हता. रिव्ह्यू मागायची सोयही पुण्याकडे उरली नव्हती. भाई उठून मला मिठी मारायला वळले.

तेवढ्यात कर्णधाराने हात वर केला. पंचांकडे बघून त्याने स्वतःच्या जर्सीची बाही धरून दाखवली आणि चालत मैदानाबाहेर गेला.

आम्ही एका गुणाने हरलो.

मी खाली बसलो. सभागृहात आधी कोणाला काही कळलंच नाही. मग मागचा तो तरुण उभा राहून टाळ्या वाजवू लागला, त्याच्यामागे सगळे. मला मात्र त्या टाळ्या नको होत्या.

परतीच्या वाटेवर मी गाडीत बडबडत होतो. "कोणी बघितलं होतं का? पंचांनीच नाही दिलं, मग याला काय गरज होती? एक, फक्त एक सामना मागत होतो आपण." भाई गाडी चालवत होते. बायको खिडकीबाहेर बघत होती.

सुप्याजवळ चहाला थांबलो, तर धाब्यावर संघाची बस उभी. पोरं माना खाली घालून पोहे खात होती. कर्णधार कडेच्या बाकड्यावर गुडघ्याला बर्फ लावून बसला होता. बायको थेट त्याच्यापाशी गेली. मीही गेलो, विचारायचंच होतं.

"बाहीला लागला होता ना हात?" तिने विचारलं.

"व्हय, मावशी. जरासाच."

"कोणी बघितलं नव्हतं," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे पाहिलं. चिडला नाही. "मला कळलं हुतं की काका. आमी तळावर खेळायचो तवा पंच कुठला? ज्याला लागलं त्यानंच सांगायचं. आज न्हाई सांगितलं असतं तर जिंकल्यावानी वाटलंच नसतं." मग पोरांकडे बघून हळू आवाजात म्हणाला, "त्यांचं वाईट वाटतं. लई मेहनत केली हुती."

त्या पोरांतला एकजण वर न बघता म्हणाला, "दादा, पोहे खा तुम्ही. गार होतायत." आणि स्वतःची प्लेट त्याच्यापुढे सरकवली.

माझा राग तिथेच गेला असं म्हणणार नाही. चहा होईपर्यंत तो होता. पण नगरच्या दिशेने निघालो तेव्हा बायको म्हणाली, "शाळेत आम्हालाही असंच शिकवलं होतं. बाहीसुद्धा अंगच," आणि तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता इतका ताठ होता. भाईंनी हॉर्न वाजवला, रस्त्यात कोणी नसताना.

दुसऱ्या दिवशी गेटवर मास्तर उभेच होते. "कितीने?"

"एकाने," मी म्हणालो, आणि दूध तसंच हातात धरून सगळं सांगितलं, बाहीपासून पोह्यांपर्यंत. मास्तर ऐकत राहिले. मग म्हणाले, "पुढच्या मोसमात मलाही न्या."

या मोसमात ते आमच्याबरोबर येतात. कोपऱ्यात आता नवा पोरगा असतो, अजून घाई करतो. पहिले चारही सामने आम्ही हरलो. दुकानात येणारी गिऱ्हाइकं चिडवतात, कुठल्या संघाच्या मागे लागलात म्हणून. मी म्हणतो, नगरच्या, आणि मोटारीची तार गुंडाळत राहतो.