सात पोरींचा दिवा

परातीतले अर्धे वाल सोलून झाले होते, अर्धे कोमट पाण्यात तसेच पडून होते, आणि बायजाकाकीच्या ओटीवर फेबियन वायरी सोडवत बसला होता.

"काकी, तुमचं चालू द्या. सुरू व्हायला अजून पंधरा मिनिटं आहेत."

"वाल सोलल्याचा आवाज यायचा नाय ना तुझ्या रेडिओवर?"

"वालाला कसला आलाय आवाज?"

"म्हंजे तू कदी सोलले नाहीस." असं म्हणून तिने मोड आलेला एक वाल चिमटीत दाबला. तो सालीतून निसटला आणि टुणकन उडून फेबियनच्या पिशवीत पडला. पायरीवर ओळीने बसलेल्या पोरी हसल्या.

फेबियन मूळचा वसईचा, एके काळचा फुटबॉलचा गोलरक्षक. गुडघा गेला तसा तो तिथल्या छोट्या रेडिओ केंद्रावर बोलायला लागला. दर शनिवारी सकाळी दहाला त्याचा अर्ध्या तासाचा खेळांचा कार्यक्रम असतो. तो मागाहून कापाकापी करत नाही. जे बोललं जातं ते तेव्हाच्या तेव्हा घरोघरी ऐकू जातं. कामणच्या अलीकडच्या या खाडीकाठच्या गावातल्या मुलींनी तालुक्याची कबड्डी स्पर्धा जिंकली आणि त्यांना शिकवणारी एक अठ्ठावन्न वर्षांची विधवा बाई आहे, असं कळल्यावर तो आपणहून आला होता.

"जिंकल्याचं दोन मिनिटं बोलू," तो म्हणाला. "मग मी तुम्हाला श्रद्धेबद्दल विचारणार. एवढं सगळं झालं तरी तुमच्या घरातला दिवा एक दिवस चुकला नाही, असं मला गावातल्या चार जणांनी सांगितलं. लोकांना तेच ऐकायचंय."

बायजाकाकीचे हात पाण्यातच थांबले.

एवढं सगळं म्हणजे काय, ते गावाला सांगावं लागत नाही. दोन वर्षांमागे गौरी-गणपतीच्या विसर्जनाला तिचा मुलगा धनेश गणपती डोक्यावर घेऊन खाडीत उतरला. पाणी ओसरायला लागलं होतं, ओढ जबर होती. त्याचा पाय चिखलात रुतला. त्याला धरायला त्याचा बाप शत्रुघ्न उतरला. दोघेही हाती लागले ते दुसऱ्या दिवशी. धनेश चोवीस वर्षांचा होता, कामणच्या गोदामात कामाला जायचा आणि चढाईला गेला की दोन गडी तरी घेऊन यायचा. शत्रुघ्न गावातल्या मुलींना कबड्डी शिकवायचा. घरामागचं मैदान त्यानेच खडे वेचून, माती चाळून केलेलं.

त्या घरचा गणपती चार पिढ्यांचा. पहिलं वर्ष सण केला नाही, तो करायचा नसतोच. पण यंदाचं काय, हा प्रश्न होता. विरारला फ्लॅटमध्ये राहणाऱ्या धाकट्या दिराचे, जयवंतचे, आठ दिवसांत तीन फोन येऊन गेले होते. कारखान्यात मूर्ती सांगायची तर घरचा पाट आधी नेऊन द्यावा लागतो, त्याच पाटावर मूर्ती बसते, आणि कामणचा कारखाना आज दुपारपर्यंतच पाट घेणार होता. जयवंतचं म्हणणं सरळ होतं. वयनी देत असतील तर उत्तम. नाहीतर तो विरारला आपल्या घरी गणपती बसवील. मात्र एकदा घरातून हललेला गणपती पुन्हा त्या घरी आणत नाहीत, हे दोघांनाही ठाऊक होतं.

बायजाकाकीने त्याला हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं. कारण गावाला जे वाटत होतं ते खरं नव्हतं. खिडकीतून रोज दिसणारा तो दिवा तिने एकदाही लावला नव्हता. ज्या बाईने दोन पावसाळे देवाला हात जोडले नाहीत, तिने गणपती घरी कुठल्या तोंडाने आणायचा? आणि आणत नाही म्हणावं, तर का ते सांगावं लागणार.

दहा वाजले. फेबियनने माईक तिच्या पुढ्यात धरला.

सुरुवातीचं बोलणं बरं झालं. तुम्ही शिकवायला कशा लागलात, असं त्याने विचारलं. ती म्हणाली, "शिकवायला कसली लागते. तीस वरसं यांच्या घामाचे कपडे धुतले, जेवनावर बसून तेच बोलनं ऐकलं. हे गेल्यावर महिन्याभराने पोरी मैदानात उतरल्या. ही रोशनी चढाईवालीचा गुडघा धरत होती. मी हितनं ओरडले, गुडघा नाय, घोटा धर. तवापासनं ओरडतेच हाय."

"आम्ही बहिऱ्या झालो," पायरीवरून कोणीतरी म्हणालं.

मग फेबियनने आवाज जरा खाली आणला. "काकी, एका दिवसात नवरा गेला, मुलगा गेला. तेही देवाचं काम करताना. तरी तुमची श्रद्धा टिकली. कशी टिकली?"

तिने पोरींकडे पाहिलं. सातही जणी आल्या होत्या, तालुक्याला घातलेल्या त्याच लाल जर्सीत. खोटं बोलायचं तर या सात जणींच्या तोंडावर बोलावं लागणार होतं.

"नाय टिकली," ती म्हणाली.

फेबियनने मान वर केली. त्याच्या कागदावर याच्या पुढचा प्रश्न नसावा.

"मी देव्हाऱ्याकडे पाठ करून बसायचे. दोघं त्याला पोचवायला गेले होते. त्याला बुडवायचं होतं, त्याने यांना बुडवलं. मी हात जोडले नाय. दिवा लावला नाय. लोक म्हनतात बायजा किती धीराची, किती देवाची. मी गप र्‍हायले, तेवढं माझं चुकलं."

"मग दिवा?"

"तो या लावतात."

फेबियनचा हात आपोआप पायरीकडे वळला. माईक रोशनीच्या तोंडापुढे गेला. रोशनी संघाची कर्णधार, अकरावीतली. मैदानात कुणाला न घाबरणारी ती पोरगी त्या माईककडे बघून आधी खाकरली.

"सुतकात घरच्यांनी पूजा करायची नसते," ती म्हणाली. "बाहेरच्याने येऊन करायची असते. आमचं घर त्यांच्या भावकीतलं नाय, म्हणून आईने मला पाठवलं. पण शाळा असते, क्लास असतो. मग आम्ही सात जणींनी वार वाटून घेतले. सुतक वर्षभर असतं ना, रोज एकटीला कसं जमणार?"

"सुतक तेरा दिसांचं असतं गो," बायजाकाकी हळूच म्हणाली. "वरीसभर सन करायचा नसतो. तुम्ही दोन्ही एकात घातलंत."

रोशनीने इतर सहा जणींकडे पाहिलं. सहा जणींनी तिच्याकडे पाहिलं.

"तेरा?" जुलियाना म्हणाली. ही शेजारच्या गावातली, उजव्या कोपऱ्याला खेळणारी, गुरुवारवाली. "मी घरी सांगितलं, यांच्यात वर्षभर असतं. मम्मी म्हणाली, मग वर्षभर जा."

"मग तेव्हाच का नाय सांगितलंत काकी?" रोशनी म्हणाली. माईक अजून तिच्यापुढेच होता हे ती विसरली होती.

बायजाकाकीला याचंच भय होतं. दोन वर्षं ती या प्रश्नाची वाट बघत होती.

"चौदाव्या दिवशी तू आलीस, तवाच मना कळलं तुम्ही चुकलात. सांगितलं असतं तर पंधराव्या दिवशी कोन आलं असतं? संध्याकाळी साडेपाचला दाराची कडी वाजायची. तेवढा एकच आवाज व्हता या घरात. तो पन मी घालवू?"

फेबियनने माईक तिच्यापुढे आणला आणि तसाच धरून ठेवला. जुन्या गोलरक्षकाला कधी जागेवरून हलायचं नाही ते कळत असावं.

"ही जुलियाना पहिल्यांदा आली," बायजाकाकी सांगत राहिली, "तवा मना विचारते, काकी, आधी कुठल्या देवाला लावू? मी पाठमोरीच म्हनाले, ज्याला तुझी दया येईल त्याला लाव. तिने लावला. मंग सवयीने कपाळाला, छातीला, खांद्यांना हात लावून क्रूस काढला आनि घाबरून मागं बघितलं. मना कपाटाच्या आरशात सगळं दिसत व्हतं. त्या दिवशी मी पहिल्यांदा हसले."

"तुम्ही बघितलं होतंत?" जुलियाना म्हणाली.

"बघितलं. तुज्या येशूला सांगितलंस का माज्याबद्दल?"

"रविवारी सांगते."

"शनवारच्या प्रॅक्टिसची तक्रार करू नको म्हंजे झालं."

पोरी खिदळल्या, फेबियनही हसला, आणि ते हसू तसंच्या तसं वसईपासून विरारपर्यंत ऐकू गेलं. मग तो म्हणाला, "वर्ष सरलं तेव्हा? तेव्हा तरी बंद का नाही केलं?"

"बंद करा असं कोणी म्हणालं नाय," रोशनी म्हणाली. "आणि प्रॅक्टिसच्या आधी दिवा लावायची सवय झाली. नाय लावला तर पकड सुटते."

"काकी, आता एकच विचारतो. श्रद्धा आहे का नाही?"

तिने पदराने ओले हात कोरडे केले.

"मना धड सांगता येत नाय. पन गेल्या पावसाळ्यापासनं पाच वाजले की मी उठते. वाती वळून ठेवते. या पोरींना वळता येत नाय, जाड वळतात, काजळी धरते. तेल सरायच्या आधी आनून ठेवते. मंगळवारी फुलं काढून ठेवते, मंगळवारवाली विसरभोळी हाय. दिवा मी लावत नाय, पन सगळं हाताशी ठेवते. याला काय म्हनायचं ते तू ठरव. मना एवढंच कळतं, की माझं देवाशी बोलनं बंद व्हतं तवा या सात जनी माझ्या वतीने बोलत र्‍हायल्या. त्यांना त्यानेच धाडलं का रोशनीच्या आईने, ते मी विचारलं नाय. उपकार दोघांचे मानते."

फेबियनने माईक पायरीकडे नेला. मुलींची नावं एकेक करून घेतली, तालुक्याच्या अंतिम सामन्यातले गुण सांगितले आणि कार्यक्रम संपवला. वायरी गुंडाळताना तो एवढंच म्हणाला, "काकी, माझी आई रेडिओ लावून बसली असेल. आज ती मला जेवायला वाढताना काहीतरी बोलणार."

"चांगलंच बोलेल," बायजाकाकी म्हणाली.

तो गाडीला किक मारतो न मारतो तोच फोन वाजला. जयवंत.

"वयनी, मी आणि लतिकाने ऐकलं." लतिका त्याची बायको. "मला वाटायचं तुम्ही रोज करता. दादा गेल्यावर मी इथे विरारला, तुम्ही तिथे एकट्या. मला सांगायचं तरी."

"तुमाला सांगितलं असतं तर तुमी घेऊन गेला असता मना विरारला. आनि या पोरींना घोटा कोनी शिकवला असता?"

"ते झालंच. पण आता पाटाचं काय? तुमचं मन नसेल तर ओढूनताणून नको. मी इथून देतो, मला काही जड नाही."

बायजाकाकीने फोन छातीशी धरला आणि पायरीकडे वळली. ज्या गोष्टीची तिला लाज वाटत होती ती तर सगळ्या तालुक्याने ऐकली होती. आता लपवायला काही उरलं नव्हतं, आणि अंग कसं हलकं झालं होतं. पाठीवरची भाताची गोण उतरवल्यावर होतं तसं.

"रोशनी, गनपतीत सात दिस दोन टाईम आरतीला येशील?"

"सगळ्या येऊ. मग प्रॅक्टिसला सुट्टी?"

"सुट्टी नाय."

"तरी येऊ," रोशनी तोंड वाकडं करून म्हणाली.

काकीने फोन पुन्हा कानाला लावला. "भावजी, पाट मीच देते. घरचा गनपती घरीच बसंल. तुमी आनि लतिका आदल्या दिवशी या. फकस्त एक, यंदा खाडीवर जायचं नाय. मैदानाच्या कडेला टाकी हाय, तिच्यात विसर्जन करू. माझ्या डोळ्यासमोर."

पलीकडून आवाज लतिकाचा आला. "येतो वयनी. मोदक मी करीन."

"तुझे फुटतात," बायजाकाकी म्हणाली. "तू नारळ खव."

फोन ठेवून ती देव्हाऱ्यापाशी गेली. बसली नाही, उभीच राहिली. शत्रुघ्न आणि धनेशच्या फोटोंवरची धूळ तिने पदराने पुसली आणि हात जोडले. किती वेळ, ते मोजायला तिथे कोणी नव्हतं. पोरी बाहेर मैदानात उतरल्या होत्या आणि कोणाची तरी पकड सुटल्यावरून भांडत होत्या. मग तिने स्टूल ओढलं, माळ्यावरून पाट खाली काढला, मोरीवर नेऊन घासूनपुसून धुतला आणि जुन्या धोतरात गुंडाळला.

"जुलियाना," तिने हाक मारली, "रिक्षा थांबव."

कामणला जाऊन कारखान्यात पाट द्यायचा होता.