प्रश्न धाकटीला होता

थोरलीचं केस कापायचं दुकान होतं. कात्री थांबली तरी तिच्या तोंडाचा पट्टा काही थांबायचा नाही. लहानपणापासून ती स्वतःच्या वाटचं बोलायची आणि धाकट्या बहिणीच्या वाटचंही. डॉक्टरांनी धाकटीला विचारावं, "काय होतंय बाळ?" की ही पुढे सरसावलीच, "पोट दुखतंय तिचं, काल खाल्लंच नाही काही!" दुकानदार असो, शेजारीण असो, उत्तर हिचंच. माया होती हो, पण मायेलाही कधी जरा दम घ्यायला सांगावं की नाही?

धाकटी हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला होती. गरम चादरींच्या घड्या घालायला तिला मनापासून आवडायचं. यंत्रांची घरघर मात्र सहन व्हायची नाही, म्हणून कानांवर भले मोठे हेडफोन. लोक तिला शिष्ट म्हणायचे, तुसडी म्हणायचे. एका गिऱ्हाइकाने तर थोरलीच्याच खुर्चीत बसून 'ती तुमची अर्धवट बहीण' असं म्हटलं. त्याचे एकाच बाजूचे केस कापून झाले होते, थोरलीने तेवढ्यावरच त्याला उठवलं. "जा आता," म्हणाली, "अर्धवट कोण ते लोकच सांगतील."

तिशी उलटल्यावर एका भल्या डॉक्टरीणबाईंनी धाकटीला सांगितलं की ती ऑटिस्टिक आहे. घरात रडारड झाली. खूश काय ती एकटी धाकटी. "म्हणजे मी बिघडलेली नाहीये," ती आईला म्हणाली, "माझी ठेवणच अशी आहे." आणि त्यालाच मराठीत कोणी स्वमग्न म्हटलं की उखडायची. "मग्न कुठली आलीय? मला तर सगळ्यांचं सगळं ऐकू येतं, तोच तर ताप आहे!"

मग तिने आपल्यासारखी माणसं शोधायला घेतली. वाचनालयाच्या तळघरातली एक पडीक खोली रविवारपुरती मिळवली. आधी एक बसचालक आला. मग तोंडाने न बोलणारी, टॅबलेटवर एकेक अक्षर दाबून बोलणारी एक मुलगी आली. बघता बघता खोली भरायला लागली. तिथे ट्यूबलाइट बंद असायची, कोपऱ्यात साधा दिवा. टाळ्या वाजवायच्या नाहीत. मध्येच उठून कोणी बाहेर गेलं तर का म्हणून विचारायचं नाही. आणि सगळ्यात मोठा नियम असा, की प्रश्न ज्याला विचारला त्यानेच उत्तर द्यायचं. त्याला लागेल तेवढा वेळ बाकीच्यांनी थांबायचं. सोबत आलेल्या नातेवाइकांनी मागे बसायचं, मुकाट.

हा शेवटचा नियम कोणाला डोळ्यांपुढे ठेवून केलाय ते सोबत गेलेल्या थोरलीला पहिल्याच दिवशी कळलं. घरी येऊन तिने भांड्यांवर राग काढला. पुढच्या रविवारी मात्र तिने एक गंमत पाहिली. टॅबलेटवाल्या मुलीला कोणीतरी काही विचारलं, सगळे थांबले, आणि पोरीने सावकाश अक्षरं दाबून असा काही विनोद केला की बसचालक हसून हसून लाल झाला. मागे बसलेल्या तिच्या आईच्या डोळ्यांना धार लागली. आपली लेक इतकी मिश्किल आहे हे त्या माउलीला ठाऊकच नव्हतं. त्या दिवसापासून थोरलीने भांडी आपटणं सोडलं.

सगळं छान चाललं होतं, आणि वाचनालयाच्या मंडळाच्या डोक्यात किडा वळवळला. खोली एका संस्थेला द्यायची, तिथे व्यवस्थापक नेमायचा, तज्ज्ञ येऊन 'या मुलांना' शिकवतील. मुलं! बसचालकाच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. धाकटी म्हणाली, आमची खोली आम्हीच चालवू. मंडळाने तिला सभेत बोलावलं. पटवून दिलं तर खोली तुमची, नाहीतर संस्थेची.

सभेत धाकटीने सुरुवात तर झकास केली. मग अध्यक्षांनी विचारलं, "समजा, इथे एखाद्याला अचानक त्रास झाला, तर सांभाळायचं कोणी? जबाबदार कोण?" माणूस वाईट नव्हता, काळजीनेच विचारत होता. पण नेमका त्याच वेळी माइक कर्कश किंचाळला. धाकटीने दोन्ही हातांनी कान दाबले, डोळे मिटले, आणि तिचे शब्दच गेले. असं झालं की ते परत यायचे, पण त्यांच्या सवडीने.

अध्यक्ष गडबडले. थोरलीकडे वळून म्हणाले, "तुम्ही बहीण ना? तुम्हीच सांगा बाई."

आता काय सांगायचं! उत्तर थोरलीला तोंडपाठ होतं, आठवडाभर जेवताना धाकटीच्या तोंडून तेच ऐकत होती ती. बोलावं तर खोली वाचेलही, पण मंडळाला वाटेल, बघा, शेवटी दुसऱ्यानेच बोलावं लागतं यांच्यासाठी. गप्प बसावं तर खोली हातची जाईल. तिचा जीव नुसता टांगणीला लागला.

"प्रश्न तिला होता," थोरली म्हणाली. "थांबा."

बसचालक शांतपणे उठला. त्याने माइकची वायर काढली, वरची ट्यूबलाइट बंद केली आणि जागेवर येऊन बसला. मंडळातले लोक खाकरले, घड्याळाकडे बघू लागले. धाकटीची माणसं मात्र बस येणारच आहे हे माहीत असलेल्या प्रवाशांसारखी निवांत बसून होती.

बऱ्याच वेळाने धाकटीने कानांवरचे हात काढले.

"जबाबदार मी," ती तुटक तुटक बोलली. "आत्ता त्रास मलाच झाला. तुम्ही घाबरलात. यांच्यातलं कोणी घाबरलं नाही. आवाज बंद केला. दिवा बंद केला. थांबले. सांभाळणं म्हणजे हेच. हे आम्हाला येतं."

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला, उगाचच पुन्हा पुसला. "खोली तुमची," ते म्हणाले. "आणि आम्हालाही कधी बोलवा, मागे बसू."

थोरलीचा ऊर भरून आला. ही आपली धाकटी! बाहेर रस्त्यावर आल्यावर तिला राहवेना. "अगं, गप्प बसताना जीव जात होता माझा!"

"दिसत होतं," धाकटी म्हणाली. खोटं कौतुक तिला कधी जमलंच नाही, त्यामुळे पुढचंही तिने जसं होतं तसंच सांगितलं. "शब्द गेले की मला नेहमी धावत सुटावं लागायचं. तू बोलायच्या आत उत्तर सापडावं म्हणून. आज पहिल्यांदा धावावं लागलं नाही, ताई."

थोरली भर रस्त्यात उभी राहून रडली, आणि ओळख ना पाळख अशा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटली, ही माझी बहीण.