एक हजार सहा

मला पटकन राग येत नाही, पण या गोष्टीचा राग अजून गेलेला नाही. तो नेमका कुणावर आहे, हे लिहिता लिहिता कळेल असं वाटतं.

आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. गाव शिंदखेडा तालुक्यात. धुळ्याला डिग्री आणि विमानाचं ट्रेनिंग दोन्ही सुरू होतं. त्या सकाळी मी विमान शिकवणाऱ्या सरांबरोबर जळगावला निघाले होते. बाहेर न बघता, फक्त काट्यांवर विसंबून धावपट्टीकडे उतरायचा सराव होता. बाहेरचं दिसू नये म्हणून कपाळावर एक झडप लावतात. मला समोरची घड्याळं तेवढी दिसत होती. बाहेर बघण्याचं काम सरांचं.

जळगावच्या टॉवरने हवेच्या दाबाचा आकडा सांगितला, एक हजार सहा. तो अल्टिमीटरमध्ये लावला तरच उंची बरोबर दिसते. मी रेडिओवर तो परत म्हटला. तेवढ्यात सरांनी हात लांबवून स्वतःच बटण फिरवलं. आकडा आला एक हजार सोळा.

मला तो दिसला. स्पष्ट दिसला.

"सर" एवढं तोंडात आलंही. पण सरांनी लावलंय म्हणजे काहीतरी कारण असेल, असं मी स्वतःला समजावलं आणि खाली उतरू लागले. त्या दहाच्या फरकाने काट्यावर दिसत होतं त्यापेक्षा आम्ही जवळजवळ तीनशे फूट खाली होतो. धावपट्टी दिसल्याशिवाय ज्या उंचीखाली जायचं नसतं, तिच्या वर आहोत असं काटा सांगत होता. खरं तर आम्ही तिच्या खाली गेलो होतो.

"सोड! सोड कंट्रोल!" सर ओरडले आणि विमान वर खेचलं. मी झडप काढली. खाली केळीची पानं वेगवेगळी ओळखू येत होती.

धुळ्याला परतल्यावर सर सगळ्या मुलांसमोर म्हणाले, "रेडिओवर एक बोलते, लावते दुसरंच. केळीचे घड उतरवायला चालली होतीस का?"

मुलं हसली. मी खाली बघत उभी राहिले. रेकॉर्डमध्ये सरांनी लिहिलं, 'विद्यार्थिनीने चुकीचा आकडा लावला.' खाली माझी सही हवी होती. सही केली की परीक्षेसाठी माझं नाव पुढे जाणार होतं. नाही केली तर अडकणार होतं.

मी सहीसाठी उद्यापर्यंत वेळ मागितला आणि आईला फोन केला. तिला सगळं सोपं करून सांगितलं.

"तुले दखायनं व्हतं ना? मंग बोलनी काबर नही?"

"दिसूनही का बोलले नाही? तूच शिकवलंस ना, मोठ्यांना उलट बोलायचं नाही म्हणून!"

ती म्हणाली, "ते इमानमा बी चालस का, बाई?"

विमानातही तेच चालतं का, या प्रश्नाने मला तिचाही राग आला. फोन ठेवल्यावर स्वतःचा आला, आणि तो सगळ्यांत मोठा होता. खोटं सरांनी लिहिलं होतं, पण त्यांच्याइतकाच माझाही जीव त्या विमानात होता आणि मी मान राखत बसले होते.

दुसऱ्या दिवशी सहीच्या जागी मी लिहिलं, 'आकडा सरांनी लावला. चुकीचा आहे हे मला दिसलं होतं. मी बोलले नाही.' आणि मग सही केली.

मुख्य प्रशिक्षकांनी ते दोनदा वाचलं. "यात तुझीही चूक कबूल होते. कळतंय ना?"

"हो सर. पण ती माझी आहे. वरच्या ओळीतली नाही."

त्यांनी सरांना बोलावलं. सरांनी वाचलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "फार शहाणी झालीस."

वरची ओळ खोडली गेली. पण माझं नावही परीक्षेसाठी पुढे गेलं नाही. तोच सराव पहिल्यापासून करायचा, दुसऱ्या सरांबरोबर. कँटीनमध्ये मुलं सरकून जागा देतात, "या, कलेक्टर मॅडम" म्हणतात. मी बसते. राग आला तरी चहा संपेपर्यंत उठत नाही.