पाकिटामागच्या दोन तारखा

लीलाताई गेल्या त्या दिवशी माझा फोन तीनदा वाजला आणि तिन्ही वेळा मी तो उचलला नाही. नंबर अनोळखी होता. मी शाळेच्या शर्टांना काजं करत बसले होते, फोन टेबलावर थरथरत होता, आणि मी दोन्ही हात मांडीत घेऊन तो थांबायची वाट बघत होते... अनोळखी नंबर म्हणजे वसुलीवाला, ही भीती अंगात इतकी मुरलीय की अजून निघत नाही. तो फोन ताईंच्या भाचीचा होता. दुसऱ्या दिवशी सीबीएस बसस्टँडला उतरून कोर्टाच्या भिंतीकडे गेले तर ताईंची टपरी बंद. शेजारचे स्टॅम्पवाले काका म्हणाले, "काल दुपारीच झालं सगळं. झोपेतच गेल्या. तुम्हाला फोन नाही आला?" मी पिशवीतून फोन काढून कालचे ते तीन मिस्ड कॉल पुन्हा पाहिले.

लीलाताई कोर्टाबाहेर अर्ज टाइप करून द्यायच्या. आधी टाइपरायटरवर, अलीकडे कॉम्प्युटरवर. कुणी वकीलबाई म्हटलं की चिडायच्या. मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले ती मदत मागायला नव्हे, खोटा कागद करून घ्यायला. हे लिहिताना लाज वाटते, पण ते सोडून त्यांच्याबद्दल काहीच सांगता यायचं नाही.

मी हिंगोलीकडची. सातवीत शाळा सुटली, पुढं लग्न होऊन नाशकात आले. आमचे हे सातपूरला कंपनीत कंत्राटावर होते, आणि मी वडिलांनी लग्नात दिलेल्या मशीनवर ब्लाउज शिवायचे. मग गणवेशांची मोठी ऑर्डर येते म्हणून कर्ज काढून चार नवीन मशीनी घेतल्या. ऑर्डर आलीच नाही. ह्यांचं कंत्राट संपलं. हप्ता भरायला दुसरं कर्ज, त्याचा हप्ता भरायला मोबाईलवरचं तिसरं. फायनान्सवाले नव्या मशीनी उचलून घेऊन गेले तरी बाकी राहिलीच. माणसं दारात यायची, आणि वर माझ्या भावाला गावी फोन करून सांगायची की तुमची बहीण पैसे बुडवून बसलीय. पोस्टमन पाकिटं टाकायचा. ती मी न फोडता पिठाच्या रिकाम्या डब्यात टाकायचे. फोडलंच नाही तर नोटीस लागू होत नाही, असं माझ्या मनानं मीच ठरवलेलं.

अशात एका कॉम्प्लेक्सच्या दुसऱ्या मजल्यावर ऑफिस असलेला एक एजंट भेटला. खुर्चीत रेलून म्हणाला, "ताई, तुम्हाला दिवाळखोर जाहीर करून टाकू. सगळं माफ. फक्त घरातलं किमती काय असेल ते आधी हलवा." मी ऐकलं. वडिलांची मशीन रिक्षात घालून देवळाली कॅम्पला मैत्रिणीच्या घरी ठेवून आले. मंगळसूत्रही रुमालात बांधून तिच्याच हातात दिलं. घरी आले तर फरशीवर मशीनच्या पायांचे चार डाग तेवढे राहिलेले... ते बघून जी भीती वाटली ती वसुलीवाल्यांचीसुद्धा कधी वाटली नव्हती.

त्याच माणसानं मला कोर्टाबाहेरून प्रतिज्ञापत्र टाइप करून आणायला पाठवलं. माझ्याकडे कसलीही मिळकत नाही, असा मजकूर त्यानं लिहून दिला होता. लीलाताईंनी तो वाचला, चष्मा कपाळावर नेला आणि कीबोर्डवरचे हात काढून घेतले.

"काहीच नाही घरात?"

"नाही."

"मशीनबिशीन?"

"नाही."

"मग पदराला हा निळा दोरा कुठून चिकटला गं? हवेतून आला?"

मला रडू फुटलं. रस्त्यावर, एवढ्या माणसांत. ताईंनी स्टूल पुढं सरकवलं आणि मी सगळं सांगेपर्यंत एकही प्रश्न विचारला नाही. मग म्हणाल्या, "अगं बाई, कर्ज फिटत नाही म्हणून तुला कुणी आत टाकत नाही. शपथेवर हे असलं खोटं लिहिलंस तर मात्र टाकतील. तेव्हा तो दुसऱ्या मजल्यावरचा येणार आहे का तुझ्यासोबत?" आणि मग ते वाक्य, जे मी मरेपर्यंत विसरणार नाही. "स्वतःच्या पोटापाण्याचं हत्यार आणि मंगळसूत्र जप्तीत नेत नाहीत. वसुलीवाल्याच्या आधी तूच स्वतःवर जप्ती आणून मोकळी झालीस."

दुसऱ्या दिवशी मी तो डबा घेऊन गेले. पाकिटांना पीठ लागलेलं. ताईंची एक पद्धत होती. त्या कुणाचं पाकीट स्वतः फोडायच्या नाहीत. ड्रॉवरमधून स्वेटर विणायची सुई काढून आपल्या हातात द्यायच्या. "तुझ्या नावाचं आहे, तूच फोड." फोडलं की पाकिटामागे पेन्सिलीनं दोन तारखा लिहायला लावायच्या, एक पाकीट आल्याची आणि एक उघडल्याची. माझ्या पहिल्या पाकिटावर त्या दोन तारखांमध्ये आठ महिने होते. सुई मी इतकी आत खुपसली की कागदही फाटला. ताई एकेक पत्र मराठीत वाचून दाखवत होत्या. ज्या जाड पाकिटाला मी सगळ्यात जास्त भ्यायले होते, ते वाचून त्या हसायलाच लागल्या. "हा तर तुला आणखी कर्ज देतोय!" पण तळाशी एक निघालं ते वाचताना हसल्या नाहीत. कोर्टाची नोटीस होती. हजर राहायच्या तारखेला नऊ दिवस उरले होते. गेले नसते तर माझ्या माघारी माझ्याविरुद्ध निकाल लागला असता. "कोऱ्या चेकवर सह्या दिल्यास का कुणाला?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, दोन. ताई म्हणाल्या, "तेवढं वकिलाला सगळ्यात आधी सांग. लपवू नकोस."

कोर्टात मोफत वकील मिळतो, आणि बाईमाणसाला त्यासाठी उत्पन्नही विचारत नाहीत, हे मला त्या दिवशी कळलं. इतकी वर्षं त्याच रस्त्यानं बसमधून जात होते! ताई पायऱ्यांपर्यंत आल्या. मी पहिल्या पायरीवरच थांबले. म्हणाल्या, "आत तूच जा. मी इथं उभी आहे, पळालीस तर पकडेन." नादारीच्या, म्हणजे दिवाळखोरीच्या, अर्जाचंही त्यांनीच समजावलं होतं. सगळं माफ, असं काही नसतं. कोर्ट आपली मिळकत बघायला माणूस नेमतं, सगळ्या घेणेकऱ्यांना कळवतं, लोकांना कळतं, आणि त्यातून सुटेपर्यंत बंधनं राहतात. तरी ती वाट खरी आहे, तीत शरमेचं काही नाही, पण आधी बाकीच्या वाटा बघून घे. कोर्टानं दिलेल्या वकीलबाईही तेच म्हणाल्या. तारखेला हजर झाले, हप्ते बांधून मागितले. दोघा कर्जवाल्यांनी तडजोड केली, चेकही परत मिळाले. तिसऱ्याची केस अजून चालू आहे. ताईंनी टाइप केलेला नादारीचा अर्ज फाईलमध्ये तसाच आहे, बिनसहीचा. लागला तर आहे, एवढ्यानंच मला झोप लागते.

मशीन परत आणली त्या दिवशी ताईंना सांगायला गेले. त्यांच्या प्रिंटरला गणवेशाच्या उरलेल्या कापडाचं कव्हर शिवून नेलं होतं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाल्या, "शिलाई सरळ आहे. पाकिटांचं काय?" आठ महिन्यांवरून मी आठवड्यावर आले होते. "ह्या दोन तारखा एकाच दिवसाच्या झाल्या," त्या म्हणाल्या, "की माझ्याकडे यायचं बंद कर. आलीस तर फक्त चहाला." तेव्हा मी हसले होते.

भाचीला मी चौथ्या दिवशी उलट फोन केला. ती रागावली नाही. टपरी आवरताना तिनं ती सुई मला दिली. आता ती मशीनच्या खणात असते, बॉबिनांशेजारी, टोकाकडे थोडी वाकलेली.

गेल्या आठवड्यात पाकीट आलं. मी ते मशीनच्या पाट्याखाली सरकवलं आणि शिवत राहिले. पायडल मारताना ते तिथं आहे हे गुडघ्याला कळत होतं. मग एका दुपारी उठले, हात धुतले, सुई काढली. आत पुढच्या तारखेची सूचना होती, बाकी काही नाही. पाकीट उलटं करून पेन्सिलीनं दोन्ही तारखा लिहिल्या आणि बराच वेळ त्यांच्याकडे बघत बसले.

दोन दिवस, ताई. अजून दोन दिवस लागतात मला.