स्पोकचा आवाज ऐकायला कुणी येता का?

मंडळी, सायकलची चाकं बांधतो मी, पण आज एक चाक अडलंय.

रहाटणीचा एकजण आजोबांची सायकल घेऊन आला, पंचावन्न सालची. म्हणाला, "काका, चाकाच्या मधला हब आजोबांचाच ठेवा, रिम नवी टाका." त्याला ॲल्युमिनियमची हवी होती. पण मागच्या हबला स्पोकची चाळीस भोकं. तेवढ्या भोकांची लोखंडीच मिळाली.

स्पोक भरले, आउट म्हणजे चाकाचा वाकडेपणा काढला. चाक सरळ फिरतंय हे डोळ्यांना दिसतं. सगळे स्पोक सारखे ताणलेत का, ते मात्र टिचकी मारून ऐकावं लागतं. चाकणला प्रेस शॉपच्या धडधडाटात इतकी वर्षं काढली, बारीक आवाज मला येतच नाहीत. म्हणून टिचकी मी मारायचो आणि बायको स्वयंपाकघरातून ओरडायची, "त्यो ढिला हाय, त्याच्या म्होरचा बराय."

आज दुपारी सवयीने टिचकी मारली आणि विचारलं, "हा कसा आहे गं?" मग उत्तराची वाट बघत बसलो, चांगला वेळ. ती दिवाळीच्या आधीच गेली.

चाक तसंच ठेवलंय. काळेवाडीत संध्याकाळी कुणी मोकळं असेल तर घरी या. चहा मी करतो. तुम्ही फक्त स्वयंपाकघरात बसून ऐका.