वहिनीचं मागचं चाक

बाई रस्त्याच्या कडेला सायकलचं चाक काढून बसलेली दिसली, की तुमचे हात आपोआप पुढे का येतात? मदतीसाठी, असं तुम्ही म्हणाल. मग तसंच चाक काढून बसलेल्या पुरुषापाशी तुम्ही किती वेळा थांबलात, तेही सांगा.

मला हा प्रश्न पडला तो वहिनीमुळे. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. दादाचं गावात बी-बियाण्याचं आणि खताचं दुकान आहे. बाबा बिडी कामगारांच्या संघटनेत होते, त्यामुळे आमच्या घरात भांड्यांइतकीच पत्रकं. फळ्यांवर पत्रकं अंथरलेली, माझी शाळेतली गणितं पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर. मी वाचायला शिकले तीही पत्रकांवरच. म्हणूनच मला भाजीतही मागणी दिसते, असं वहिनी म्हणते.

वहिनी माहेरी सायकलनं शाळेत जायची. लग्नानंतर तिची सायकल सुटली. मी गिअरची जुनी सायकल घेतली तेव्हा ती चार दिवस नुसती बघत होती. पाचव्या दिवशी म्हणाली, "ताई, जरा द्या." मग तिच्यासाठीही एक जुनी सायकल आली आणि आम्ही पहाटे सोबत जाऊ लागलो. आधी नहरापर्यंत, म्हणजे कालव्यापर्यंत, मग पुढच्या गावापर्यंत, मग थेट गोंदियापर्यंत.

धानकापणीच्या दिवसांत सायकलवाल्यांच्या ग्रुपवर निरोप आला. एक लांब पल्ल्याची राईड ठरली होती. सकाळी गोंदियाहून निघायचं, सडक अर्जुनी, नवेगावबांध, अर्जुनी मोरगाव करत केशोरी गाठायची आणि त्याच रस्त्यानं परत. दोनशेच्या वर किलोमीटर, आणि संध्याकाळी ठरलेल्या वेळेच्या आत पोचायचं. ही शर्यत नव्हे, पहिला नंबर कोणाचाच नसतो. पण नियम कडक. वाटेत पंक्चर झालं तर आपलं आपण काढायचं. सोबतच्या सायकलवाल्यानं मदत केली तर चालते. घरचं माणूस गाडी घेऊन मागे आलं आणि त्यानं हात लावला, तर नाव बाद.

वहिनी जाते म्हणाली, तेव्हा दादानं नाही म्हटलं नाही. त्यानं अट घातली. "जा. पण तुले आणाले कोणी यावं लागलं, तर घरी आल्यावर सायकल विकून टाकू." आईनं लगेच मान डोलावली. मी भांडायला उठले, तर वहिनी म्हणाली, "चालते." आणि मला आत बोलावून विचारलं, "पंक्चर काढणं शिकवता काय?"

अंगणात घमेल्यात पाणी घेऊन आम्ही शिकवणी सुरू केली. तिच्या हातात एकच दोष होता, घाई. सोल्यूशन लावलं की ती लगेच पॅच चिकटवायची आणि तो सुटायचा. सोल्यूशन सुकू द्यावं लागतं, बोटाला चिकटायचं थांबलं की मगच पॅच. तेवढा वेळ थांबणं अवघड, कारण तेवढ्यातच दादा दुकानातून यायचा आणि "आण इकडे" म्हणत चाक उचलून न्यायचा. त्याला वाटायचं तो प्रेम करतो आहे. करतही असेल. पण बायकोला काही शिकूच न देणारं प्रेम मला मान्य नाही.

राईडच्या दिवशी केशोरीपर्यंत सगळं ठीक झालं. थंडी होती, रस्ता मोकळा होता. केशोरीत पोचल्याचा शिक्का कार्डावर घेतला, आलूपोहे खाल्ले आणि परत फिरलो. थोडं पुढे आलो तर वहिनीचं मागचं चाक बसलं. तिनं सायकल उलटी केली, चाक सोडवलं. तेवढ्यात गोंदियाचे एक सायकलवाले मागून आले, थांबले. "हटिए मॅडम, दो मिनट का काम है." वहिनीनं "मी करते" म्हणेपर्यंत ट्यूब त्यांच्या मांडीवर होती. भोक सापडलं, पॅच लागला, हवा भरली. खरंच दोन मिनिटांत झालं. "आरामसे आइए" म्हणून ते निघूनही गेले.

त्यांनी टायरच्या आतून बोट फिरवलं नव्हतं. काटा आतच होता. दोन-तीन किलोमीटरवर चाक पुन्हा जमिनीला टेकलं.

नेमकं ते अशा जागी, जिथे एका म्हातारीनं अर्ध्या डांबरी रस्त्यावर धान वाळत घातलं होतं. आमच्याकडे कापणीनंतर हे नेहमीचंच. काळा रस्ता तापतो, धान लवकर वाळतं. शेळ्या आणि गाड्या आत येऊ नयेत म्हणून कडेला दगड आणि काटेरी फांद्या लावलेल्या असतात. आम्ही थांबलो तशी म्हातारी काठी घेऊन उठली.

"माह्या काट्यानं नाही झालं हो ते! आधीच सांगून ठेवतो."

"नाही आजी, तुमच्यानं नाही," वहिनी म्हणाली. तोवर तिनं टायरच्या आतून बोट फिरवून काट्याचं टोक बाहेर काढलं होतं. म्हातारीनं ते हातावर घेऊन पाहिलं. "हा बाभळीचा. माह्या बोरीच्या आहेत." आणि समाधानानं खाली बसली.

सकाळी राईडच्या सूचनांमध्ये रस्त्यावरच्या धानाला 'अडथळा' म्हटलं होतं. ते माझ्या डोक्यात होतंच. मी म्हातारीला सांगू लागले की गावाला धान वाळवायला पक्की जागा मिळाली पाहिजे, ती मागणं हा तुमचा हक्क आहे, रस्त्यावर धान टाकणाऱ्याला दोष देणं म्हणजे...

"ताई, भाषण नंतर. पंप धरा."

मी पंप धरला. रस्त्याच्या खाली एक बोडी होती, शेताला पाणी द्यायचं लहानसं तळं. वहिनी तिथून ट्यूब बुडवून बुडबुडा बघून आली. भोक घासलं, सोल्यूशन लावलं आणि थांबली. तेव्हाच मोटारसायकलचा आवाज आला. दादा.

"इकडे धानाचा भाव पाहाले आलो होतो," तो म्हणाला. आमचं दुकान कुठे आणि केशोरी कुठे! त्यानं गाडी लावली, गुडघ्यावर बसला आणि चाकाला हात घातला. "आण इकडे."

"थांबा. सोल्यूशन सुकून राहिलं."

"अवो, उशीर होऊन राहिला ना तुले. आण."

"तुम्ही हात लावला तर माझं नाव बाद होते."

"होऊ दे. एवढं काय आहे त्याच्यात? ठेव हे सगळं, बस गाडीवर. ताई तिची ती येईल."

चाक दोघांच्या हातात होतं. त्याच्या बाजूनं ओढ, तिच्या बाजूनं ओढ. ती गाडीवर बसली असती, तर त्याचीच अट पुरी झाली असती आणि सायकल गेली असती. त्याच्या मनात तसं काही नव्हतं, हे मला माहीत आहे. पण सायकल मनातल्या हेतूंनी वाचत नसते. मी तोंड उघडणार, तेवढ्यात म्हातारी ओरडली.

"काऊन गा! एवढा मोठा रस्ता पडला आहे, तुले तिच्याच चाकात हात घालाले सापडला काय? सोड ते!"

दादानं चाक सोडलं. म्हातारीनं म्हटलं म्हणून, की आम्ही बघत होतो म्हणून, कोण जाणे. उभा राहिला. हातांचं काय करावं, ते त्याला समजेना.

"रिकामा आहेस तर धान फिरव," म्हातारी म्हणाली. "माहे गुडघे दुखतेत."

धान फिरवायचं म्हणजे अनवाणी पायानं त्यातून सरळ चालायचं, पाय न उचलता, घासत, म्हणजे खालचा ओला दाणा वर येतो. दादानं बूट काढले, पँट वर दुमडली. माझा भाऊ, जो दुकानात गादीवरून उठत नाही, पोतं काढायलाही माणूस ठेवतो, तो एका अनोळखी म्हातारीच्या धानात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालू लागला.

"सरळ जाय गा! वाकडा काऊन जाऊन राहिला?"

तो सरळ गेला. वहिनीनं बोटानं सोल्यूशन चाचपलं, पॅच ठेवला, दाबून धरला. टायर बसवताना तिचा अंगठा सोलला. मी पुढे झाले नाही. हे मला दादापेक्षा जास्त जड गेलं असावं. तिनं हवा भरली, चाक बसवलं, चेन लावली आणि म्हातारीला म्हणाली, "येतो आजी." दादा धानात उभा होता.

आम्ही वेळेत पोचलो नाही. अंधार पडल्यावर गोंदियात शिरलो, तेव्हा राईडचा फलक गुंडाळून झाला होता. तिथल्या भल्या माणसानं चहा पाजला, "अगली बार" म्हणाला. मला राग आला. वहिनीला आला नाही. तिथून आम्ही सायकलनंच घरी गेलो.

दादा आधीच पोचून जेवायला बसला होता. आईनं आमच्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "कोण गेलं होतं आणाले?"

दादा ताटातून वर न बघता म्हणाला, "कोणी नाही. आपल्या आपण आल्या." आणि थोड्या वेळानं, "पंक्चर झालं होतं. तिनंच काढलं."

सायकल राहिली. त्या रात्रीपुरती ही आमच्या घराचीच गोष्ट होती. पण दादा दुकानात बसतो, आणि दुकानात बसणाऱ्याच्या पोटात काही राहत नाही. पंधरवड्यात शाळेत सायकलनं जाणाऱ्या पोरी वहिनीकडे येऊ लागल्या. एकीचं पंक्चर झालं की तिला घरचे आठ-आठ दिवस शाळेत पाठवत नव्हते, पंक्चरच्या दुकानापर्यंत सायकल न्यायला भाऊ मोकळा होईपर्यंत. आता रविवारी सकाळी आमच्या अंगणात घमेल्याभोवती सातआठ जणी बसतात. वहिनी शिकवते. ती कोणाच्याही हातातून चाक घेत नाही. एखादीचा पॅच तीन वेळा सुटला तरी नाही, आणि मीही गप्प बसते.

अडचण एकच आहे. एका ट्यूबवर शिकून शिकून इतके पॅच झाले की आता त्यावर घासायला जागा उरली नाही.

म्हणून हे लिहिते आहे. तुमच्या घरी, सायकलच्या दुकानात, शाळेच्या गोदामात जुन्या ट्यूब पडलेल्या असतील. त्या फेकू नका. जवळच्या मुलींना गोळा करा, एक घमेलं, एक पंप आणि त्या ट्यूब त्यांच्यासमोर ठेवा. या रविवारीच ठेवा. आणि पहिलीचा पॅच सुटेल तेव्हा, कृपा करून, हात मागे बांधून उभे राहा.