सईला काय जमत नाही

परवा सकाळी इथे जर्मनीत, रेगेन्सबर्गला आमच्या घरी फ्लेगेग्राड ठरवणाऱ्या बाई दुसऱ्यांदा आल्या. आमची सई अकरा वर्षांची, तिला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. रोज किती मदत लागते ते पाहून इथल्या कायद्याप्रमाणे हा ग्रेड ठरतो आणि त्यावर घरी मदतनीस मिळते... आता ती हवीच होती, कारण सईला उचलून उचलून माझ्या कमरेने हात टेकलेत.

पहिल्या वेळी आम्ही पाहुणे येणार म्हटल्यावर करतो तेच केलं. घर आवरलं, सईला नवा फ्रॉक, दोन वेण्या, बाईंसाठी पोहे. त्या विचारत होत्या आणि मी प्रत्येक प्रश्नाला "हो, जमतं तिला" म्हणत होते... परक्या माणसासमोर लेकीचं उणं कोण सांगतं? झाकली मूठ सव्वा लाखाची.

मग पत्र आलं. मुलगी बरीच स्वावलंबी आहे, त्यामुळे ग्रेड खालचा, मदतनीसाचे तास त्यात बसत नाहीत. चिडले खूप, पण चिडणार कोणावर... त्यातलं प्रत्येक वाक्य माझंच होतं.

आम्ही विडरश्प्रुख, म्हणजे रीतसर हरकत घेतली. म्हणून परवाची ही भेट. "या वेळी खरं ते सांग," नवऱ्याने चारदा बजावलं होतं.

बाईंनी विचारलं, कपडे स्वतः घालते का. सई समोरच व्हीलचेअरवर बसलेली. इतकी वर्षं "तुला सगळं जमेल" म्हणून वाढवलं, आता तिच्यादेखत उलटं कसं बोलू... "थोडंफार जमतं," मी पुटपुटले.

"नाइन, आई. नाही जमत," सई म्हणाली.

आणि बाईंकडे वळून जर्मनमध्ये शांतपणे सांगत गेली. बटणं आई लावते, मोजे आई घालते, टॉयलेटला आई नेते. शेवटी म्हणाली, "मला उचललं की आई किचनमध्ये जाऊन कंबर धरून उभी राहते. तिला वाटतं, मला कळत नाही."

बाईंचं पेन थांबलं. मला रडू आवरेना.

निकाल अजून यायचाय. बाई गेल्यावर मी सईला विचारलं, सगळं असं सांगताना वाईट नाही वाटलं? तिने खांदे उडवले, खरं तेच तर सांगितलं, म्हणाली.

जमत नाही याची लाज तिला कधी नव्हतीच... ती लाज माझी होती, आणि एवढी वर्षं माझी पोर ती मुकाट्याने सांभाळून घेत होती.